रुग्ण-माहितीपत्रकांतील ॲक्युपंक्चर आणि डॉ. कोटणीस यांचा वारसा : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर ताम्रपट, बखरी, दफ्तरखान्यातील रुमाल आणि वृत्तपत्रांचे जुने अंक उभे राहतात. दवाखान्याच्या बाकावर ठेवलेले तीन घडीचे पत्रक इतिहासाचे साधन होऊ शकते, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक सामान्य माणसाच्या हाती पडणारा वैद्यकाचा इतिहास बहुधा अशाच कागदावर छापलेला असतो. हा इतिहास वाचून तो आपल्या शरीराविषयीचा निर्णय घेतो. म्हणून त्या कागदाची चिकित्सा करणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचेही काम आहे.

सोलापूरच्या संदर्भात या विषयाला विशेष महत्त्व आहे. भारतात ॲक्युपंक्चरच्या प्रसाराशी ज्यांचे नाव सर्वाधिक जोडले गेले, ते डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस याच शहराचे सुपुत्र. दुसरी बाब म्हणजे सोलापूर हे यंत्रमाग आणि विडी यांचे शहर आहे. तासन् तास वाकून विड्या वळणाऱ्या स्त्रियांना मान, खांदे व कंबर यांचे दुखणे चुकत नाही, आणि मागावर उभे राहणाऱ्यांना गुडघ्यांचे. रोजची वेदनाशामक गोळी पोटाला सोसत नाही, शस्त्रक्रिया खिशाला परवडत नाही. अशा वेळी ‘विनाऔषध उपचार’ या दोन शब्दांचे आकर्षण किती असेल हे सांगणे नलगे.

प्रस्तुत लेखकाच्या मावशीने उभे आयुष्य विड्या वळण्यात घालविले. कंबरदुखीसाठी तिने ॲक्युपंक्चरचे उपचार घेतले आणि तिला आरामही पडला. परंतु तेथे मिळालेल्या पत्रकातील आजारांच्या यादीत ‘मधुमेह’ हा शब्द वाचून तिने मधुमेहाच्या गोळ्या आपणहून बंद केल्या. काही आठवड्यांनी रक्तातील साखर अतिशय वाढल्याने तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. गोळ्या बंद करा, असे तिला कोणीही सांगितले नव्हते. तिने केवळ छापील यादीवर विश्वास ठेवला होता. सुईने तिला अपाय केला नाही. अपाय झाला तो कागदावरील एका शब्दाने. या अनुभवातून प्रस्तुत अभ्यासाची प्रेरणा मिळाली.

अभ्यासाची उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) ॲक्युपंक्चरविषयक रुग्ण-माहितीपत्रकांत वारंवार येणारे ऐतिहासिक दावे तपासणे. २) डॉ. कोटणीस यांचे नाव व ॲक्युपंक्चर यांच्यातील प्रत्यक्ष संबंध कालक्रमाच्या आधारे स्पष्ट करणे. ३) रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीच्या दृष्टीने अशा पत्रकांचे मूल्यमापन करणे.

ॲक्युपंक्चर गुणकारी आहे की नाही, याचा निवाडा देणे हा या लेखाचा हेतू नाही. तो वैद्यकीय संशोधकांचा अधिकार आहे. येथे पत्रकांची शिरगणती केलेली नसून त्यांच्या सर्वसाधारण साच्याचा विचार केला आहे. कोणतेही विशिष्ट केंद्र वा चिकित्सक या चिकित्सेचे लक्ष्य नाही.

माहितीपत्रकाचे सर्वसाधारण स्वरूप

अशा पत्रकाचा साचा ठरलेला असतो. आरंभी ही पद्धती हजारो वर्षांची असल्याचे सांगितले जाते. त्यानंतर शरीरातील ‘ची’ नावाची जीवनशक्ती, तिचे मार्ग आणि त्यांवरील बिंदू यांचा परिचय येतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेचा उल्लेख आणि तिच्या खालोखाल आजारांची लांबलचक यादी असते. भारतीय पत्रकांत डॉ. कोटणीस यांचे नाव अथवा छायाचित्र आढळते. शेवटी ‘दुष्परिणाम नाहीत’ हे आश्वासन आणि भेटीची वेळ.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमधील फेलिसिटी बिशप आणि सिंथिया सॅमन यांनी तेथील ॲक्युपंक्चर चिकित्सकांच्या सुमारे ४०० पत्रकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. जाहिरात, अपेक्षा आणि संमती अशा तिहेरी अंगाने त्यांनी या पत्रकांकडे पाहिले. हे वर्गीकरण मार्मिक आहे. एकच कागद गिऱ्हाईक बोलावतो, रुग्णाच्या मनात आशा निर्माण करतो आणि संमतीसाठी आवश्यक ती माहितीही देऊ पाहतो. या तिन्ही कामांची भाषा एक नसते. जाहिरातीला मर्यादा सांगणे परवडत नाही, आणि संमतीला मर्यादा सांगितल्याशिवाय अर्थ उरत नाही.

‘हजारो वर्षांची अखंड परंपरा’

पहिला दावा प्राचीनतेचा. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एकदोन शतकांत संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या चिनी ग्रंथात सुयांच्या उपचाराचे विवेचन आहे, हे खरे आहे. मात्र प्राचीनता आणि अखंडता या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाच्या आज्ञेने राजवैद्यकीय संस्थेतून ॲक्युपंक्चर वगळण्यात आले. १९२९ मध्ये चीनच्या राष्ट्रवादी शासनाच्या केंद्रीय आरोग्य समितीपुढे पारंपरिक वैद्यकच रद्द करण्याचा ठराव आला; वैद्यांच्या देशव्यापी विरोधामुळे तो अमलात आला नाही.

आज रुग्णाच्या अंगात जाणारी केसासारखी बारीक, पोलादी, निर्जंतुक सुई ही बऱ्याच अंशी विसाव्या शतकाची देणगी आहे. १९३० च्या दशकात चेंग दान-आन या चिनी वैद्याने आधुनिक शरीररचनाशास्त्राच्या आधारे बिंदूंची फेरमांडणी केली आणि जाड शस्त्रांऐवजी बारीक सुयांचा पुरस्कार केला. १९४९ नंतर साम्यवादी शासनाने डॉक्टरांची टंचाई आणि राष्ट्रीय अस्मिता या दोन्ही कारणांनी या पद्धतीला संस्थात्मक रूप दिले. तात्पर्य, पत्रकातील ‘हजारो वर्षे’ हे शब्द निराधार नसले तरी त्यांत खंड, नकार आणि पुनर्रचना यांचा इतिहास गाळलेला असतो. शिवाय एखादी गोष्ट जुनी आहे एवढ्याने ती गुणकारी ठरत नाही. तसे असते तर रक्तमोक्षणासाठी जळवा लावण्याच्या प्रथेपुढेही आपण प्रश्न विचारला नसता.

डॉ. कोटणीस : नाव आणि वास्तव

दुसरा दावा आपल्या शहराच्या अभिमानाशी निगडित असल्यामुळे तो अधिक काळजीने तपासला पाहिजे.

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या वतीने सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. सुभाषचंद्र बोस राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष असताना, १ सप्टेंबर १९३८ रोजी, पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून रवाना झाले. डॉ. मदनमोहनलाल अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे अन्य सदस्य. १९३९ च्या प्रारंभी हे पथक येनानला पोहोचले. पुढे डॉ. कोटणीस यांनी आठव्या मार्ग सेनेबरोबर उत्तर चीनच्या युद्धभूमीवर काम केले आणि १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. त्याच वर्षी कुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले.

हा सारा वृत्तांत एका शल्यचिकित्सकाचा आहे. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणे आणि तरुण वैद्यकीय सेवकांना शल्यशास्त्र शिकविणे हे त्यांचे कार्य होते. त्यांची कीर्ती ॲक्युपंक्चरमुळे झालेली नाही. कालक्रमही हेच सांगतो. पाश्चात्त्य पद्धतीचे डॉक्टर आणि पारंपरिक वैद्य यांनी एकत्र काम करावे, हे माओ त्से-तुंग यांचे येनानमधील आवाहन १९४४ चे आहे. त्यानंतर चू लिएन या महिला डॉक्टरने तेथे ॲक्युपंक्चर आत्मसात केले आणि १९५१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. क्रांतिकारी सैन्याच्या आरोग्यसेवेत ॲक्युपंक्चरला प्रतिष्ठा मिळू लागली, तेव्हा डॉ. कोटणीस हयात नव्हते.

मग हा संबंध जुळला कसा? दुवा आहे डॉ. बसू यांचा. पथकातील अन्य सदस्य परतल्यानंतरही ते चीनमध्ये राहिले आणि १९४३ मध्ये मायदेशी आले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी या उपचाराला आरंभ केला. आपल्या दिवंगत सहकाऱ्याच्या स्मरणार्थ चाललेल्या समितीच्या माध्यमातून या पद्धतीचा प्रसार झाला, धर्मादाय केंद्रे निघाली. लुधियानासारख्या दूरच्या शहरातही कोटणीसांच्या नावाने ॲक्युपंक्चर रुग्णालय उभे राहिले. अशा रीतीने विद्या बसूंनी आणली आणि नाव कोटणीसांचे लागले. यात लबाडी नव्हती. मित्राविषयीची कृतज्ञता होती. १९६२ च्या युद्धानंतर भारत-चीन मैत्रीचा उच्चारही अवघड झाला असताना कोटणीसांच्या नावाने ही केंद्रे चालविणे हे एक प्रकारचे धाडसच होते.

परंतु स्मारकाचे नाव जेव्हा पत्रकावर येते तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या चित्रपटामुळे हे नाव घराघरांत पोहोचलेले आहे. सोलापुरात तर भैय्या चौक परिसरातील त्यांचे स्मारक शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. असे नाव आजारांच्या यादीशेजारी छापले की वाचक मनोमन समजतो, ‘एवढा मोठा डॉक्टर ज्या उपचाराच्या पाठीशी आहे, तो खोटा कसा असेल?’ स्मृतीचे रूपांतर पुराव्यात होते ते असे.

अशा स्थित्यंतराचे दुसरे उदाहरण अमेरिकेचे आहे. जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन यांची आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया बीजिंगमध्ये झाली. ती नेहमीची भूल देऊनच झाली होती. शस्त्रक्रियेनंतरच्या पोटातील अस्वस्थतेसाठी सुया वापरल्या गेल्या. रेस्टन यांनी हे स्वतः स्पष्टपणे लिहिले. तरीही पुढे कथा पसरली ती सुयांच्या भुलीवर झालेल्या शस्त्रक्रियेची. मूळ लेखात चूक नव्हती; ती सांगोवांगीत शिरली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेचा आधार

तिसरा दावा सर्वांत परिणामकारक असतो. जून १९७९ मध्ये बीजिंग येथे जागतिक आरोग्य संघटनेने एक आंतरप्रादेशिक चर्चासत्र भरविले. त्यातून ॲक्युपंक्चरसाठी योग्य वाटणाऱ्या चाळीसहून अधिक आजारांची यादी तयार झाली व त्याच वर्षी संघटनेच्या नियतकालिकात छापली गेली. या यादीसोबत एक इशारा होता : यादी चिकित्सकांच्या अनुभवावर आधारलेली असून ती नियंत्रित चाचण्यांवर आधारलेली असेलच असे नाही, आणि एखाद्या आजाराचा तीत समावेश आहे यावरून उपचाराची परिणामकारकता किती हे ठरत नाही. पत्रकांच्या प्रवासात यादी टिकली आणि इशारा गळाला.

२००३ मध्ये संघटनेने नियंत्रित चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात आजारांचे चार गट केलेले होते. पहिल्या गटात २८ आजार व लक्षणे होती. पुढील गटांविषयी पुरावा अपुरा असल्याचे वा अधिक संशोधन आवश्यक असल्याचे वर्गीकरणातच नमूद होते. पत्रकात हे चारही गट एका ओळीत आले की कंबरदुखी आणि मधुमेह शेजारी शेजारी बसतात. वाचणाऱ्याला त्यांतील अंतर दिसत नाही. मावशीलाही ते दिसले नव्हते.

२०१० मध्ये युनेस्कोने ॲक्युपंक्चरचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. ही मान्यता संस्कृतीची आहे, चिकित्सेची नव्हे. वारशाच्या यादीत स्थान मिळाल्याने रोगनिवारणाची ग्वाही मिळत नाही.

पुरावा कालानुरूप बदलतो हेही पत्रकांत येत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली, २०१६ मध्ये तीच शिफारस मागे घेतली आणि २०२१ मध्ये दीर्घकालीन प्राथमिक वेदनांसाठी तिचा विचार करता येईल असे सांगितले. बारा वर्षांत तीन निर्णय! अशा स्थितीत ज्या पत्रकावर छपाईचे सालच नाही, त्यातील ‘मान्यता’ कोणत्या काळची समजावी?

शासकीय मान्यतेचा अर्थ

भारतातील कायदेशीर इतिहासही टप्प्याटप्प्याने घडला. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये ॲक्युपंक्चरविषयक कायदा केला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशान्वये ॲक्युपंक्चरला एक उपचार-प्रकार म्हणून मुभा दिली. स्वतंत्र वैद्यकपद्धती म्हणून नव्हे. ती मान्यता २०१९ च्या आदेशाने मिळाली. महाराष्ट्राचा ॲक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम २०१५ चा असून त्यात परिषद आणि नोंदणीची तरतूद आहे.

या घडामोडी स्वागतार्ह आहेत. नोंदणीमुळे सुई टोचणारा कोण आणि त्याचे शिक्षण काय, हे रुग्णाला विचारता येते. परंतु शासनाची मान्यता व्यवसायाला असते. पत्रकातील प्रत्येक आजाराला नव्हे. पत्रकात मात्र ‘शासनमान्य’ हा शब्द यादीच्या माथ्यावर येतो आणि जणू प्रत्येक ओळीवर शासनाची मोहोर उठल्यासारखे भासते.

जाहिरातीच्या संदर्भात १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम लक्षात घ्यावा लागतो. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, बहिरेपणा इत्यादी आजार औषधाने बरे होतात अशा जाहिरातींना तो प्रतिबंध करतो. या परिशिष्टात अपस्मारही आहे, ज्याने डॉ. कोटणीस यांचा बळी घेतला. सुयांच्या उपचाराला हा कायदा कितपत लागू होतो, हा विधिज्ञांचा प्रश्न आहे. पण त्यामागील तत्त्व पत्रक लिहिणाऱ्या प्रत्येकाला लागू व्हावे असेच आहे.

पत्रकात काय यावयास हवे

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात संमतीविषयी स्पष्ट निकष सांगितले. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, धोके आणि उपलब्ध पर्याय यांची पुरेशी माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे. या कसोटीवर दोन बाबी विशेष उणे ठरतात.

पहिली बाब लाभाची. कंबरदुखीवरील जर्मन चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत १,१६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर पारंपरिक बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के, बिंदू सोडून अन्यत्र वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि औषधे, व्यायाम इत्यादी नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली. हे आकडे समर्थकांना आणि टीकाकारांना सारखेच अडचणीत टाकणारे आहेत. नेहमीच्या उपचारांपेक्षा सुया सरस ठरल्या. पण बिंदू नेमका कोणता, याने फारसा फरक पडला नाही. ‘ची’चे मार्ग दाखविणाऱ्या चित्राशेजारी हे दोन सरळ वाक्यांत सांगता येण्याजोगे आहे. सोलापूरची विडी कामगार स्त्री ते समजू शकणार नाही, असे मानणे हा तिचा अपमान होय.

दुसरी बाब धोक्याची. ब्रिटनमध्ये २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३४,४०७ उपचारांमध्ये एकही गंभीर दुष्परिणाम नोंदला गेला नाही. किरकोळ रक्तस्राव, सुजणे, भोवळ हे अधूनमधून आढळते. फुप्फुसाला छिद्र पडणे अत्यंत विरळ. म्हणजे प्रशिक्षित हातात ही पद्धती पुष्कळ सुरक्षित आहे. तथापि १९८४ च्या सुमारास अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील एका दवाखान्यात ३५ रुग्णांना ‘ब’ प्रकारची कावीळ झाल्याचे आढळले. त्यामुळे ‘दुष्परिणाम नाहीत’ यापेक्षा ‘प्रत्येक रुग्णासाठी नवीन, निर्जंतुक सुई तुमच्यासमोर उघडली जाईल, ती नसल्यास नकार द्या’ हे वाक्य अधिक उपयोगी आहे. ‘चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत’ हे वाक्य तर यादीच्या आधी, ठळक अक्षरांत हवे. सोलापुरात ही माहिती मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही असावी, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) पत्रकांतील ऐतिहासिक दावे बहुधा बनावट नसतात. प्रत्येकामागे खरा ग्रंथ, खरी व्यक्ती वा खरे चर्चासत्र असते. दोष असतो तो काळ, संदर्भ आणि अट गाळण्याचा.

२) डॉ. कोटणीस हे शल्यचिकित्सक होते. त्यांच्या नावाने ॲक्युपंक्चरचा प्रसार होण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. बसू यांच्या स्नेहाला व परिश्रमांना जाते. हे सांगितल्याने कोटणीसांचे मोठेपण यत्किंचितही कमी होत नाही. उलट दुर्लक्षित राहिलेल्या बसूंना न्याय मिळतो.

३) मान्यता सांस्कृतिक, प्रशासकीय आणि वैद्यकीय अशी त्रिविध असते. पत्रकात त्यांची सरमिसळ झाली की रुग्णाच्या हाती माहितीऐवजी श्रद्धा पडते.

४) पत्रकावर छपाईचे साल, नोंदणी क्रमांक, लाभाची मर्यादा, धोके व पर्याय असणे आवश्यक आहे. नोंदणी परिषदेने असा नमुना सर्व भाषांत उपलब्ध करून दिल्यास प्रामाणिक चिकित्सकांचीच प्रतिष्ठा वाढेल.

डॉ. कोटणीस अनोळखी मुलखात गेले, तेव्हा त्यांनी प्रथम तेथील भाषा शिकून घेतली. जखमी सैनिकाशी त्याच्या भाषेत बोलता यावे, हा त्यामागील हेतू. त्यांचे छायाचित्र पत्रकावर छापणाऱ्यांनी त्यांचा हा गुणही घ्यावा, एवढीच अपेक्षा आहे. मावशी आता गोळ्या नियमित घेते, आणि कंबर दुखू लागली की सुयांच्या उपचारालाही जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे तिला पहिल्याच दिवशी त्या कागदावर वाचावयास मिळाले असते, तर पुढील सारे टळले असते.